रेल्वेच्या खडखडाटामुळे रात्री १ ते ४ शूटिंग केलं, आणि भारताला पहिला बोलपट मिळाला

गाडीत मस्त गाणं लावलंय. सिग्नल सुटतो, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि गाण्याच्या मागून बारीक शिट्टी ऐकू यायला लागते. इंजिन जोरात फिरलं की शिट्टी चढते, पाय सैल केला की उतरते. अशा वेळी बहुतेक लोक काय करतात? स्पीकर बदलतात. पैसे जातात, शिट्टी तिथेच राहते.

ऑपेरा हाऊस किंवा लॅमिंग्टन रोडच्या जाणत्या कारागिराकडे गाडी नेली, तर तो स्पीकरला हातही लावत नाही. आधी इंजिन बंद करायला सांगतो. शिट्टी थांबली, तर स्पीकर निर्दोष. मग तो अर्थिंगची वायर कुठे ढिली झालीय, कुठे गंजलीय ते बघतो. बॅटरीची जाड वायर आणि आवाजाची केबल एकमेकींना चिकटून टाकल्यात का, हे बघतो. कारण शिट्टी येत असते अल्टरनेटरमधून, स्पीकर बिचारा फक्त ती ऐकवतो.

याच भागात, केनेडी ब्रिजजवळच्या एका स्टुडिओत, सुमारे पंच्याण्णव वर्षांपूर्वी एक माणूस असाच एका नको असलेल्या आवाजाच्या मागे लागला होता. फरक एवढाच, की त्याला इंजिन बंद करायला सांगता येत नव्हतं. कारण ते इंजिन रेल्वेचं होतं.

त्या माणसाचं नाव अर्देशीर इराणी. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' बनवणारे.

इराणींचा जन्म ५ डिसेंबर १८८६ चा, आपल्या पुण्याचा. कुटुंब झोरोस्ट्रियन, इराणहून आलेल्यांपैकी. शिक्षणासाठी ते मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. पुढे काही दिवस शिक्षकी केली, रॉकेल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरची नोकरी केली. कुठेच मन रमलं नाही. शेवटी वडिलांच्या धंद्यात आले. तो धंदा होता वाद्यांचा आणि फोनोग्राफचा.

म्हणजे सिनेमाच्या आधी हा माणूस आवाजाच्या यंत्रांच्या दुकानात बसत होता. त्या काळचा फोनोग्राफ म्हणजे चावी, स्प्रिंग, सुई आणि कर्णा. वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही. सुई झिजली की आवाज खरखरतो, स्प्रिंग सैल पडली की गाणं खाली खाली ओढलं जातं. अशा यंत्रांच्या सहवासात कान तयार होतो. इराणींच्या चरित्रात दुकानाची ही वर्षं बहुतेक जण एका ओळीत उरकतात, पण पुढची गोष्ट समजायला तीच जास्त कामाची आहेत.

मग लॉटरी लागली. १४ हजार रुपयांची! त्या पैशांवर ते चित्रपट दाखवण्याच्या धंद्यात उतरले आणि अमेरिकेच्या 'युनिव्हर्सल' कंपनीचे इथले प्रतिनिधी झाले. (इंटरनेटवर याचं साल १९०५ सापडतं. पण युनिव्हर्सल कंपनीच १९१२ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे त्या सालावर विसंबू नका.) अब्दुलअली युसूफअली यांच्यासोबत त्यांनी मुंबईचं अलेक्झांडर सिनेमागृह चालवायला घेतलं आणि ही भागीदारी कित्येक दशकं टिकली.

दाखवता दाखवता बनवण्याचाही नाद लागला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला होता, म्हणजे सिनेमाचं बी याच भागात पडलेलं. इराणींनी भोगीलाल दवे यांच्यासोबत स्टार फिल्म कंपनी काढली, १९२२ मध्ये 'वीर अभिमन्यू' आणला. भागीदार बदलले, कंपन्यांची नावं बदलली. अखेर १९२० च्या दशकाच्या मध्यावर 'इम्पिरियल फिल्म कंपनी' उभी राहिली आणि मूकपटांचा सपाटा सुरू झाला.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात १९२९ च्या सुमारास मुंबईच्या एक्सेलसिअर थिएटरमध्ये युनिव्हर्सलचा 'शो बोट' लागला. पूर्ण बोलपट नव्हता, काही भागच बोलका होता. इराणींनी तो पाहिला आणि ठरवलं, आपणही बोलणारा सिनेमा करायचा.

ठरवणं सोपं होतं. तेव्हा इथे ध्वनिमुद्रण येणारा तंत्रज्ञ नव्हता, आवाज अडवणारा स्टुडिओ नव्हता, बोलपटाची पटकथा कशी लिहायची हेही कुणाला ठाऊक नव्हतं. कथा मिळाली जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकातून. यंत्र मागवलं अमेरिकेतून, नाव 'टॅनर'. ते बसवून द्यायला विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन इंजिनिअर मुंबईत आला.

डेमिंग दिवसाला १०० रुपये मागत होता. त्या काळात ही रक्कम भलतीच मोठी. इराणींनी काय केलं, तर आपले सहकारी रुस्तम भरुचा यांना सोबत घेऊन साधारण महिनाभरात ध्वनिमुद्रणाचं जुजबी तंत्र शिकून घेतलं आणि पुढचं रेकॉर्डिंग दोघांनी स्वतःच केलं. निर्माता इराणी, दिग्दर्शक इराणी, आणि रेकॉर्डिंगच्या यंत्रावरही इराणीच.

आता हे टॅनर यंत्र काय होतं, ते समजून घ्यायला हवं. कारण खरी गोम तिथेच आहे.

आज सिनेमात चित्र वेगळं आणि आवाज वेगळा मुद्रित होतो. संवाद बिघडला तर नट नंतर डबिंग करतो. टॅनर मात्र 'सिंगल सिस्टीम' होतं. मायक्रोफोनने पकडलेल्या आवाजाचं रूपांतर प्रकाशाच्या कमी-जास्त होण्यात व्हायचं आणि तो प्रकाश चित्राच्याच फिल्मच्या कडेला, त्याच क्षणी उमटायचा. चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर. त्यामुळे त्रास दुहेरी. फिल्म धुताना चित्राला एक हिशोब लागतो, आवाजाच्या पट्टीला दुसरा, आणि दोन्ही एकाच रसायनातून काढायचे. शिवाय प्रोजेक्टरमध्ये चित्र थांबत थांबत सरकतं, आवाज मात्र सलग वाहावा लागतो. म्हणून एका क्षणाचा आवाज त्या क्षणाच्या चित्रापासून काही फ्रेम दूर असतो. कात्री कुठेही चालवा, काहीतरी कापलं जाणारच.

थोडक्यात, जे मायक्रोफोनमध्ये गेलं ते कायमचं गेलं. नंतर निस्तरायची सोय नाही.

आणि मायक्रोफोनमध्ये काय काय जात होतं? स्टुडिओ होता रेल्वे रुळांना लागून. कुलाबा ते बोरिवली लोकल १९२८ पासून विजेवर धावत होत्या, शिवाय लांब पल्ल्याच्या गाड्या होत्याच. दर थोड्या वेळाने खडखडाट. कानाला सवय झाली की माणूस तो ऐकेनासा होतो. मायक्रोफोनला अशी सवय लागत नाही.

इराणींसमोर दोन रस्ते होते. भिंती जाड करायच्या, नाहीतर जागा बदलायची. दोन्हींना पैसा आणि वेळ लागणार, आणि वेळ तर नव्हताच. कारण कलकत्त्याचे मदन थिएटर्सवालेही बोलपट करत होते. कोण पहिला, याची शर्यत लागली होती. म्हणून इराणींनी सगळं काम गुपचूप चालवलं.

उपाय सापडला तो वेळापत्रकात. रात्री १ नंतर गाड्या थांबतात, पहाटे ४ नंतर पुन्हा सुरू होतात. मधले तीन तास आपले! 'आलम आरा'चं बहुतेक शूटिंग याच तीन तासांत झालं. झुबेदा, पृथ्वीराज कपूर आणि बाकीची सगळी मंडळी मध्यरात्री तोंडाला रंग लावून तयार. मायक्रोफोन दिसू नयेत म्हणून सेटवर लपवलेले. पार्श्वगायन हा प्रकार हिंदीत आला १९३५ मध्ये, त्यामुळे गाणारा नट कॅमेऱ्यासमोरच गाणार आणि वादक चौकटीच्या बाहेर दडून वाजवणार. सिनेमात गाणी सात. एक सूर चुकला की फिल्म वाया.

पैसा लावला होता सुमारे ४० हजार रुपये. फसलं असतं तर कंपनी गाळात गेली असती.

आवाज आल्यामुळे माणसांचीही उलथापालथ झाली. इम्पिरियलची मोठी तारका सुलोचना हिंदुस्तानीत अडखळत होती, म्हणून भूमिका झुबेदाकडे गेली. नायकासाठी पुढे 'मदर इंडिया' बनवणाऱ्या मेहबूब खान यांचं नाव चर्चेत होतं, पण निवड झाली मास्टर विठ्ठल यांची. मराठी गडी, मारधाडीच्या मूकपटांचा राजा. ते दुसऱ्या स्टुडिओच्या करारात अडकले होते, प्रकरण कोर्टात गेलं. विठ्ठल यांची बाजू मांडली बॅरिस्टर मोहम्मद अली जिनांनी, आणि केस जिंकली. एवढं करून सेटवर आल्यावर कळलं, की विठ्ठल यांची उर्दू कच्ची आहे. म्हणून त्यांच्या तोंडी संवाद अगदी कमी ठेवले, असं सांगितलं जातं.

१४ मार्च १९३१. गिरगावचं मॅजेस्टिक थिएटर. सकाळपासून अशी गर्दी लोटली की आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्याचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. पुढे आठ आठवडे थिएटर हाऊसफुल्ल होतं. मदन थिएटर्सचा 'शिरीन फरहाद' आला मे महिन्याच्या शेवटी. इराणींनी शर्यत मारली होती.

त्यानंतर त्यांनी दम घेतलाच नाही. त्याच वर्षी एच. एम. रेड्डी यांच्याकडून 'कालिदास' करून घेतला, ज्यात तमिळ आणि तेलुगू एकत्र होतं. पाठोपाठ १९३२ चा तेलुगू 'भक्त प्रल्हाद'. १९३३ मध्ये 'दुख्तर-ए-लोर' आला, फारसी भाषेतला पहिला बोलपट. म्हणजे इराणचा पहिला बोलपटही मुंबईत तयार झाला! १९३७ मध्ये 'किसान कन्या' हा इथेच प्रक्रिया केलेला रंगीत सिनेमा आला. तो फारसा चालला नाही, आणि १९३८ च्या आसपास इम्पिरियलचा गाशा गुंडाळला गेला. स्टुडिओ पुढे ज्योती स्टुडिओ म्हणून ओळखला जाऊ लागला. इराणींनी १९४० च्या दशकात निर्मिती थांबवली. १४ ऑक्टोबर १९६९ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

आणि 'आलम आरा'?

तो आज कुणालाच पाहता येत नाही. एकही प्रिंट शिल्लक असल्याचं ठाऊक नाही. फोनोग्राफच्या दुकानातून आलेल्या माणसाने बनवलेला सिनेमा, पण त्यातल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत, त्यामुळे तो ऐकताही येत नाही. २००३ साली पुण्याच्या फिल्म संस्थेत आग लागली आणि त्यात 'आलम आरा' जळाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर यांनी स्पष्ट केलं होतं, की तो सिनेमा संग्रहालयाकडे कधी आलाच नव्हता.

नायर १९६० च्या दशकात स्वतः म्हाताऱ्या इराणींना भेटले होते. इराणींची खात्री होती, की काही रिळं स्टुडिओत कुठेतरी पडलेली असतील. मुलाने मात्र नंतर नायर यांना वेगळंच सांगितलं. जुन्या ब्लॅक अँड व्हाईट फिल्मवर चांदीचा थर असतो, आणि ती चांदी काढून घेणारे लोक तेव्हा रिळं विकत घेत. 'आलम आरा'ची रिळं त्यांनाच विकून झाली होती.