डार्विन ह्यांच्या वह्या

चार्ल्स डार्विन ह्यांचा जन्म १८०९ साली इंग्लंडातील श्रूसबरी गावी झाला. बावीस वर्षांचे असताना, १८३१ साली, ते 'बीगल' जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. ती सफर सुमारे पाच वर्षे चालली. खिशात मावेल अशी लहानशी वही ते जवळ बाळगीत आणि जे दिसे ते तीत टिपून ठेवीत.

१८३५ साली गॅलापागोस बेटांवर त्यांना मॉकिंगबर्ड नावाचे पक्षी आढळले. एका बेटावरील पक्षी दुसऱ्या बेटावरील पक्ष्यांहून किंचित निराळे होते. त्यांनी तशी नोंद केली. परतीच्या प्रवासात ती टिपणे पुन्हा लिहून काढताना त्यांच्या मनात शंका उद्भवली. प्राण्यांच्या जाती कधीच बदलत नाहीत, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. ते खरे असेल काय?

१८३७ साली ह्या एकाच प्रश्नासाठी त्यांनी नवी वही सुरू केली. तीत त्यांनी फांद्या फुटलेल्या झाडासारखी एक आकृती काढली. एका पूर्वजापासून अनेक जाती निर्माण होतात, ही कल्पना तीत होती.

आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट मन लवकर विसरते, हे डार्विन जाणून होते. म्हणून तशी गोष्ट आढळताच ते ती तत्काळ लिहून ठेवीत. १८५९ साली त्यांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा मोठे वादळ उठले. परंतु विरोधकांच्या बहुतेक आक्षेपांचा विचार त्यांनी आधीच केलेला होता.

१८८२ साली ते निवर्तले. मुलांनो, तुमच्या वहीतही उत्तरांच्या शेजारी तुम्हांस पडलेल्या शंकांना जागा असू द्या.