लाल गोळीमागचे डॉ. सुब्बाराव

सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर रोज मिळणाऱ्या दोन गोळ्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे कोणाला वाटणार नाही. एक लाल, गर्भवती स्त्रियांना दिली जाणारी. तिच्यात लोहासोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. दुसरी मेथोट्रेक्सेटची. ती आमवात, सोरायसिस आणि काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. पहिली गोळी पेशींना वाढायला मदत करते, दुसरी त्यांची वाढ रोखते. तरीही दोघींचा माग काढत गेले तर आपण एकाच प्रयोगशाळेत पोहोचतो आणि तिथे भीमावरमहून आलेला एक तेलुगू माणूस भेटतो. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा. भीमावरम आज आंध्र प्रदेशात आहे, तेव्हा ते मद्रास इलाख्यात होते. घरची स्थिती ओढगस्तीची. यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हायचे, असा बेत करून या मुलाने लहानपणी काशीची वाट धरली होती. घरच्यांनी त्याला परत आणले. शाळेत मन रमत नव्हते. मॅट्रिकची परीक्षा तो तिसऱ्या प्रयत्नात पास झाला.

ते तरुण असताना घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने, ज्याला डॉक्टर ट्रॉपिकल स्प्रू म्हणतात त्या आजाराने, काही दिवसांच्या अंतराने गेले. या आजारात आतड्याचे अस्तर झिजते, अन्नातली सत्त्वे शोषली जात नाहीत, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जाते आणि माणूस खंगतो. तेव्हा त्यावर खात्रीचा उपाय नव्हता.

सुब्बाराव मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. स्वदेशीचा काळ होता. गांधीजींच्या विचाराने भारलेल्या या विद्यार्थ्याने शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा डगला घातला. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. इतर विषयांत चांगली कामगिरी असूनही त्यांना एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कमी दर्जाची पदवी मिळाली. सरकारी वैद्यकीय सेवेची वाट बंद झाली. काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले. मग १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, सासऱ्यांनी दिलेल्या आर्थिक मदतीवर, ते बोस्टनला निघाले. पत्नी शेषगिरी तेव्हा गरोदर होत्या. त्यांना मुलगा झाला, पण तो वर्षभरही जगला नाही. सुब्बाराव पुन्हा कधी भारतात आले नाहीत. पती-पत्नीची भेट झाली नाही.

हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातील आजारांचा अभ्यासक्रम पूर्ण करताना पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे केली. पुढे तिथल्याच जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली त्यांना जागा मिळाली. १९२५ मध्ये दोघांनी रक्त आणि लघवीतले फॉस्फरस मोजण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यात विशिष्ट रसायने घातली की निळा रंग येतो आणि तो जितका गडद तितके फॉस्फरस जास्त. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या ती शिकल्या.

हीच मोजपट्टी घेऊन ते स्नायूंकडे वळले. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला ऊर्जा कुठून मिळते? त्या काळी सगळे लक्ष लॅक्टिक ॲसिडवर होते आणि त्यासंबंधीच्या संशोधनाला १९२२ सालचे नोबेलही मिळाले होते. फिस्के आणि सुब्बाराव यांना १९२७ मध्ये स्नायूत फॉस्फोक्रिएटिन सापडले. १९२९ मध्ये त्यांनी एटीपी वेगळे काढले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही स्वतंत्रपणे ते सापडले.

एटीपी हे पेशीचे रोखीचे चलन, हे आता शाळेच्या पुस्तकातही असते. पण त्याचे आणखी एक काम आहे. एटीपीला फॉस्फेटचे तीन गट जोडलेले असतात. पेशीतली कायनेज नावाची विकरे त्यातला एक गट काढून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवतात. फॉस्फेट चिकटले की ते प्रथिन जागे होते किंवा झोपते, दिव्याचे बटण दाबल्यासारखे. वाढ, विभाजन कर, थांब, मरून जा असे बरेचसे निरोप पेशीत या बटणांवरून जातात. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे सीएमएलमध्ये, असेच एक कायनेज कायमचे चालू राहते. इमॅटिनिब हे औषध त्या कायनेजमध्ये एटीपीची जी बसायची जागा असते, तीच अडवते. हे औषध आले तेव्हा सुब्बाराव जाऊन अर्धे शतक उलटले होते.

इतके काम होऊनही हार्वर्डने त्यांना कायमचे पद दिले नाही. फॉस्फरसयुक्त संयुगांवरचे त्यांचे बरेचसे काम फिस्के यांच्यामुळे प्रसिद्धच झाले नाही आणि त्यातले काही इतरांना पुढे नव्याने शोधावे लागले, असे नंतर नोबेल मिळवणाऱ्या जॉर्ज हिचिंग्ज यांनी नमूद केले आहे. स्वतःचे नाव पुढे करण्याचा सुब्बारावांचा स्वभावही नव्हता.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. इथे त्यांच्या आयुष्याची पुढची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडली जाते.

१९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करत त्यांनी गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांमध्ये, दिसणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा शोध घेतला. या स्त्रियांच्या रक्तपेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. आहार निकृष्ट होता. यीस्टचा अर्क दिला की रक्त भराभर सुधारत असे. १९३१ मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केले. यीस्टमधला तो गुणकारी घटक नेमका कोणता, हे मात्र कळले नव्हते. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून जीवाणूंच्या वाढीला लागणारा एक पदार्थ मिळाला. पानातून आला म्हणून त्याचे नाव फॉलिक ॲसिड पडले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात. विल्स शोधत होत्या तो घटक याच कुळातला निघाला. पण यीस्ट, यकृत किंवा पानांतून तो इतका थोडा मिळे की रुग्णांना देण्याइतका साठा होणे अवघड होते. सुब्बारावांच्या चमूने त्याची रचना उलगडली आणि १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला.

लवकरच डॉक्टरांनी हे नवे औषध मोठ्या रक्तपेशींच्या रक्तक्षयात आणि ट्रॉपिकल स्प्रूमध्ये वापरून पाहिले. रुग्ण सुधारू लागले. ज्या आजाराने सुब्बारावांचे भाऊ गेले, त्यावर त्यांच्याच प्रयोगशाळेतून औषध आले होते.

फॉलिक ॲसिड पेशीत करते तरी काय? पेशीला दोन व्हायचे असेल तर आधी डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. डीएनए चार प्रकारच्या विटांनी बांधलेला असतो. त्यातली थायमिन ही वीट तयार करताना कार्बनचा एक लहानसा तुकडा जोडावा लागतो आणि तो उचलून आणणारा हमाल म्हणजे फॉलिक ॲसिडपासून बनलेले फोलेट. ओझे उतरवले की हा हमाल पुढच्या खेपेच्या उपयोगाचा राहत नाही. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाचे विकर त्याला पुन्हा कामाजोगे करते. फोलेट कमी पडले की विटा कमी पडतात. पेशीचे अंग वाढत राहते, पण डीएनए पूर्ण होत नाही आणि विभाजन अडते. विल्स यांना मुंबईत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या मोठ्या रक्तपेशी त्या याच. रक्त आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून फोलेटची उणीव तिथे आधी जाणवते.

बोस्टनमध्ये लहान मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ ल्युकेमियाने मरणाऱ्या मुलांकडे हताशपणे पाहत होते. मूल आजारी पडल्यापासून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सगळे संपत असे. फॉलिक ॲसिडच्या गटातले पदार्थ दिल्यावर या मुलांचा आजार उलट जोराने वाढतो, असे त्यांना दिसले. मग फोलेट अडवले तर? सुब्बारावांच्या चमूकडे त्याचे उत्तर तयार होते. फॉलिक ॲसिडच्या रेणूत एका ठिकाणी ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजनचा गट बसवला की असा रेणू होतो, जो विकराला खऱ्या फोलेटसारखाच वाटतो, विकर त्याला घट्ट धरते आणि मग सुटत नाही. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी तसे. हमाल दुरुस्त होत नाहीत, विटा संपतात आणि बेभान वाढणारी पेशी उपाशी पडते. या पदार्थाचे नाव अमिनोप्टेरिन.

फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस ते मुलांना द्यायला सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, आजार परत येत होता. पण औषधाने ल्युकेमिया मागे हटतो, हे पहिल्यांदा दिसले. अमिनोप्टेरिनचेच अधिक सुरक्षित भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियाच्या उपचारात ते आजही इतर औषधांबरोबर वापरले जाते आणि योग्य उपचार मिळालेली यातली बहुतेक मुले आता बरी होतात.

लेडर्लीत याच काळात आणखी दोन औषधे आली. एक ऑरिओमायसिन, टेट्रासायक्लिन गटातले पहिले प्रतिजैविक. ते बेंजामिन डगर यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवले. दुसरे डायइथाइलकार्बामझिन, म्हणजेच डीईसी. हत्तीरोगाविरुद्धच्या सरकारी मोहिमेत विदर्भातल्या जिल्ह्यांत घरोघरी जाऊन आपल्यासमोर गिळायला लावतात, त्यातल्या गोळ्यांत हेच औषध असते.

फार्बर यांचा लेख आला त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव झोपेतच गेले. वय ५३. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नाही, मायदेशही पुन्हा पाहिला नाही. नोबेल मिळाले नाही. एका बुरशीला त्यांच्या स्मरणार्थ सुब्बारोमायसेस असे नाव दिले गेले आणि १९९५ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

त्यांच्या कामातून घ्यायची गोष्ट आपल्या औषधांच्या डब्यापर्यंत येते. फोलेटची वाट निरोगी पेशीत आणि कर्करोगाच्या पेशीत एकच आहे. निसर्गाने आजारी पेशीसाठी वेगळी यंत्रणा बनवलेली नाही. म्हणून या गोळ्या मात्रा आणि वेळ पाळूनच घ्यायच्या.

मेथोट्रेक्सेटची गोळी आमवातात आणि सोरायसिसमध्ये आठवड्यातून ठरलेल्या एकाच वारी घ्यायची असते. वाताचे औषध म्हणून कोणी ती रोज घेतली, तर अस्थिमज्जा आणि तोंड-आतड्याचे अस्तर, म्हणजे सतत विभागणाऱ्या निरोगी पेशी, मार खातात आणि जीव धोक्यात येतो. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, घरात सगळ्यांना सांगून ठेवा. तोंडात फोड, ताप किंवा अंगावर निळे डाग दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी सोबत फॉलिक ॲसिड लिहिले असेल तर ते टाळू नका, ते निरोगी पेशींना सांभाळण्यासाठी असते. गरोदरपणात आणि गर्भधारणेच्या तयारीत असताना मेथोट्रेक्सेट चालत नाही.

लाल गोळीचे उलटे आहे. ती न घेण्यात धोका. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असे ठरले की डॉक्टरांना विचारून आधीपासूनच फॉलिक ॲसिड सुरू करावे, त्याची रोजची नेहमीची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम आहे. रक्तक्षय असलेल्या शाकाहारी माणसाने बी-१२ सुद्धा तपासून घ्यावे. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारते, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते.

लोहामुळे शौचाचा रंग काळा होतो, कधी मळमळते, म्हणून आशाताईंनी दिलेली पाकिटे पुष्कळ घरांत फडताळावर तशीच पडून राहतात. गोळी जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेतली तर मळमळ कमी होते. चहाबरोबर मात्र घेऊ नये. घरात कोणी गरोदर असेल, तर ते पाकीट उघडले आहे का, हे आज एकदा पाहावे.