धातूपासून औषध घडवणारे डॉक्टर: उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

बारामती-इंदापूर भागातल्या डाळिंब बागायतदाराला बोर्डो मिश्रण काही नवीन नाही. १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. तेल्या आणि बुरशीला आवर घालण्यासाठी याची फवारणी होते. नुसते मोरचूद फवारले तर पाने करपतात. चुन्याची जोड मिळाली की तेच तांबे झाडाला सोसते आणि जंतूंना मात्र सोसत नाही. धातू तोच असतो. तो कशाशी जोडलेला आहे आणि किती दिला आहे, यावर त्याचा गुण ठरतो.

माणसाच्या शरीरालाही हेच लागू पडते. हिमोग्लोबिनमध्ये लोह असते, बी-१२ जीवनसत्त्वात कोबाल्ट असतो. पण हे धातू सुटे नसतात, मोठ्या रेणूने त्यांना धरून ठेवलेले असते. अशा रचनेला रसायनशास्त्रात धातूचे कॉम्प्लेक्स म्हणतात. आज अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अशी कॉम्प्लेक्स तयार करून त्यांचा जंतूंवर परिणाम तपासला जातो. यातून खरेच औषध निघते का? निघते, पण वाट लांब असते. ही वाट चाललेल्या एका भारतीय डॉक्टरांची ही ओळख.

रसायनशास्त्र आधी, वैद्यक नंतर

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचा जन्म १८७३ साली एका बंगाली कुटुंबात झाला. वडील नीलमणी ब्रह्मचारी बिहारमधील जमालपूर येथे रेल्वेचे डॉक्टर होते. उपेंद्रनाथांचे शालेय शिक्षण तिथेच झाले. १८९३ मध्ये हुगळीच्या कॉलेजातून ते गणित आणि रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी रसायनशास्त्रात एम.ए. केले. त्यानंतर ते वैद्यकाकडे वळले. १९०२ मध्ये एम.डी. आणि १९०४ मध्ये पीएच.डी. त्यांना मिळाली. पीएच.डी.चा विषय होता रक्तातील लाल पेशी फुटण्याची क्रिया.

रसायनशास्त्र आणि वैद्यक या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या हाती असणे तेव्हा दुर्मीळ होते. पुढे ते याच कारणामुळे उपयोगी पडले.

काळा आजार म्हणजे काय?

१९०५ पासून ते कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. तिथल्या रुग्णालयात त्यांच्यासमोर येणाऱ्या रुग्णांपैकी कित्येक जण ‘काला-आजार’ने ग्रासलेले असत. महिनोन्महिने येणारा ताप, खंगलेले हातपाय, रक्त कमी झालेले, पानथरी म्हणजे प्लीहा वाढल्याने फुगलेले पोट आणि काळवंडलेली कातडी. रंगावरूनच आजाराला हे नाव पडले. बंगाल, आसाम आणि बिहारमध्ये त्याने गावेच्या गावे ओस पाडली होती. उपचार न मिळालेला रुग्ण सहसा वाचत नसे.

या आजाराचे परजीवी १९०३ मध्ये सापडले होते. लीशमन आणि डोनोव्हन या दोन डॉक्टरांनी ते स्वतंत्रपणे ओळखले, म्हणून त्यांना लीशमानिया डोनोव्हानी हे नाव मिळाले. ते पसरवते सँडफ्लाय ही बारीक माशी. विदर्भात चंडीपुरा ज्वराच्या निमित्ताने आपण ज्या सँडफ्लायबद्दल ऐकतो, तिच्याच कुळातली. मात्र माशीचा हा वाटा पक्का सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडले. ब्रह्मचारींच्या उमेदीच्या काळात आजार कसा पसरतो हेच नीट ठाऊक नव्हते. त्यामुळे रुग्णाला बरे करणारे औषध शोधणे हाच खरा मार्ग उरला होता.

जुने औषध आणि त्याचा त्रास

अँटिमनी हे मूलद्रव्य माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. डोळ्यांत घालायचा सुरमा पूर्वी त्याच्याच खनिजापासून बनत असे. १९१५ च्या सुमारास टार्टार एमेटिक हे अँटिमनीचे कॉम्प्लेक्स काला-आजारावर शिरेतून देण्यास सुरुवात झाली. चिंचेला आंबटपणा देणारे टार्टारिक आम्ल त्यात अँटिमनीला धरून असते.

औषध परजीवी मारत असे, पण रुग्णालाही जेरीस आणत असे. उलट्या, खोकला, हृदयावर ताण. शिवाय इंजेक्शने अनेक आठवडे, कधी काही महिने घ्यावी लागत. आधीच खंगलेल्या माणसाला ते झेपत नसे. कित्येक जण उपचार अर्धवट सोडत आणि आजार उलटे.

ब्रह्मचारींनी प्रश्न नेमका मांडला. अँटिमनी सोडायचे नाही, पण त्याचा जोडीदार बदलायचा. जर्मनीत पॉल एर्लिख यांनी आर्सेनिकला कार्बनी रेणूशी जोडून सिफिलिसवर औषध केले होते, ते १९१० पासून वापरात होते. आर्सेनिक आणि अँटिमनी आवर्तसारणीत एकाच गटात, एकाखाली एक आहेत. मग अँटिमनीलाही तसेच बांधता येईल का?

कंदिलाच्या उजेडातले काम

कॅम्पबेल रुग्णालयातील एका लहानशा खोलीत हे काम चालले. तिथे गॅस नव्हता, वीज नव्हती आणि पाण्याचा नळही नव्हता. रात्री रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात काम करावे लागे. दिवसा शिकवणे आणि रुग्ण तपासणे, मग रसायने. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने, म्हणजे आजच्या आयसीएमआरच्या पूर्वसंस्थेने, त्यांना आर्थिक मदत दिली.

त्यांनी अँटिमनीची एकामागून एक संयुगे केली. १९२० मध्ये स्टिबॅनिलिक आम्ल आणि युरिया यांच्या संयोगातून जे संयुग मिळाले, त्याचे नाव त्यांनी युरिया स्टिबामिन ठेवले. यात अँटिमनी वेगळ्या, पंचसंयुजी अवस्थेत असते. टार्टार एमेटिकमधील त्रिसंयुजी अँटिमनीपेक्षा ते शरीराला बरेच कमी विषारी असते.

१९२२ मध्ये त्यांनी आठ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. रुग्ण बरे होत होते आणि महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला होता. पुढे आसामच्या चहामळ्यांत आणि बंगालच्या दवाखान्यांत हे औषध मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. जिथे दहांतले बहुतेक रुग्ण दगावत, तिथे आता बहुतेक वाचू लागले. गंमत अशी की या औषधाची नेमकी रासायनिक रचना काय, याबद्दल शास्त्रज्ञांत पुढेही बरीच वर्षे मतभेद होते. रुग्णाला त्याने फरक पडला नाही.

बरा झालेला रुग्णही तपासायचा

त्याच वर्षी ब्रह्मचारींनी आणखी एक महत्त्वाची नोंद केली. अँटिमनीचे उपचार झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर नंतर डाग आणि गाठी येत होत्या आणि त्या गाठींत परजीवी सापडत होते. ताप गेला म्हणजे आजार संपला असे नाही, हे त्यातून कळले. या अवस्थेकडे आजही बारकाईने लक्ष दिले जाते, कारण असा रुग्ण धडधाकट दिसला तरी त्याच्याकडून आजार पसरू शकतो.

१९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९३६ मध्ये इंदूरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. कॅम्पबेलची ती संस्था आज नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखली जाते.

आज काय स्थिती आहे?

युरिया स्टिबामिन आता वापरात नाही. त्याच्या जागी अँटिमनीची इतर औषधे आली. पुढे बिहारमध्ये परजीवी त्यांनाही दाद देईनासे झाले. आता आपल्याकडे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाचा शिरेतून एकच डोस देऊन उपचार होतो. धातूंची औषधे मात्र संपलेली नाहीत. कर्करोगावरचे सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचे कॉम्प्लेक्स जगभर वापरले जाते.

महाराष्ट्रात काला-आजार सहसा आढळत नाही. पण बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल किंवा पूर्व उत्तर प्रदेशातून कामासाठी आलेल्या व्यक्तीला दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल आणि पानथरी वाढलेली असेल, तर डॉक्टरांना मूळ गाव आवर्जून सांगा. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर साधी चाचणी होते.

लक्षात ठेवा

प्रयोगशाळेतील बशीत एखाद्या धातूच्या संयुगाने जंतू मारले, एवढ्यावरून ते औषध ठरत नाही. मोरचूदही जंतू मारते, पण ते पोटात गेले तर माणसाच्या जिवावर बेतते. संयुग प्राण्यांवर तपासणे, डोस ठरवणे, मग थोड्या आणि नंतर जास्त रुग्णांवर काळजीपूर्वक वापरणे, आणि बरे झालेल्यांवरही लक्ष ठेवणे, या सगळ्या पायऱ्या पार कराव्या लागतात.

म्हणून पारा, शिसे, आर्सेनिक असलेली किंवा घटक न लिहिलेली कोणतीही पुडी स्वतःच्या मनाने घेऊ नका. बाजारातल्या सुरम्यात अनेकदा शिसे असते, तो बाळाच्या डोळ्यांत घालू नका. लोहाच्या गोळ्याही डॉक्टर सांगतील तेवढ्याच घ्या आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा.