दुर्गाबाई खोटे : कलकत्त्याच्या पडद्यावरील मराठी सीता

दुर्गाबाई खोटे यांचे नाव निघाले की मराठी रसिकाच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे हटकून उभी राहतात. एक 'अयोध्येचा राजा'मधील सत्त्वशील तारामतीचे आणि दुसरे 'मुगल-ए-आझम'मधील जोधाबाईचे. या दोन भूमिकांमध्ये अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. त्या अंतराच्या आरंभीच कलकत्ता येते, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. त्यांच्यावरील बहुतेक लेखांत कलकत्त्याची वर्षे एखाद्या वाक्यात आटोपलेली असतात. उपजीविकेच्या निमित्ताने बंगालमध्ये येऊन स्थिरावलेल्या आम्हा मराठी माणसांना तरी तेवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्या वर्षांचे स्मरण करावे, ते याच हेतूने.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी झाला. माहेरचे आडनाव लाड. हे घराणे मूळचे गोव्याकडचे, पण मुंबईत सुखवस्तू म्हणून नावाजलेले. कॅथीड्रल हायस्कूल आणि सेंट झेवियर महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. विवाहानंतर त्या खोट्यांच्या घरात आल्या, तेव्हा तेही घर वैभवात होते. परंतु ते वैभव पाहता पाहता ओसरले. पदरी बकुल आणि हरिन ही दोन लहान मुले आणि हाताशी उत्पन्नाचे भरवशाचे साधन नाही, असा प्रसंग आला. ऐन तारुण्यात वैधव्यही वाट्याला आले. शिकलेल्या, कुलीन घरातील स्त्रीने अशा वेळी नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढावेत, अशी त्या काळची रीत होती. दुर्गाबाईंनी स्वतःच्या कष्टाची भाकरी पत्करली.

त्यासाठी त्यांनी जे क्षेत्र निवडले, त्याच्याकडे प्रतिष्ठित समाज नाक मुरडून पाहत असे. १९३१ मधील 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक लहानसे काम केले. चित्रपट सामान्य निघाला आणि टीकेचा सारा भडिमार या नवख्या स्त्रीवर झाला. एखादी स्त्री तेवढ्यानेच घरात परतली असती. परंतु 'प्रभात'च्या व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बोलावले. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' प्रकाशित झाला. मराठीतील हा पहिला बोलपट. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. ज्या समाजाने कालपर्यंत बोट दाखविले, त्याच समाजातील बायामाणसे तारामतीचे हाल पाहून डोळ्यांना पदर लावू लागली. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्यांनी पाळीव चित्ता बाळगणारी स्त्रीराज्याची राणी रंगविली. साध्वी आणि सम्राज्ञी ही दोन्ही रूपे त्यांना शोभतात, हे वर्षभरातच सिद्ध झाले.

आता त्यांनी कोल्हापुरासच राहावे, 'प्रभात'ची नायिका म्हणून निर्धास्त असावे, असे कोणासही वाटले असते. त्या काळी नटनटी कंपनीच्या मासिक पगारावर असत. कंपनी सांगेल ते काम करावयाचे आणि दुसऱ्या कंपनीची पायरी चढावयाची नाही, असा शिरस्ता होता. दुर्गाबाईंनी हा शिरस्ता मोडला. एका संस्थेशी जन्माची गाठ न बांधता जेथे भूमिका चांगली असेल तेथे काम करावयाचे, हे धोरण त्यांनी प्रथमपासून ठेवले. हिंदुस्थानी चित्रसृष्टीत अशा स्वतंत्र वृत्तीने वावरणाऱ्या पहिल्या कलावंतांत त्यांची गणना होते. या धोरणानेच त्यांना कलकत्त्यास आणले.

मुंबई ते हावडा हा सुमारे दोन हजार किलोमीटरचा, दोन रात्रींचा प्रवास. कलकत्त्यास बीरेंद्रनाथ सरकार यांनी १९३१ मध्ये 'न्यू थिएटर्स' ही संस्था काढली होती. हत्ती हे तिचे बोधचिन्ह. तिचा स्टुडिओ टॉलीगंजला होता, म्हणजे आपल्या बराकपुरापासून शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. बर्दवान जिल्ह्यातून आलेले देवकीकुमार बोस हे तिचे नामांकित दिग्दर्शक. त्यांचा 'चंडीदास' १९३२ मध्ये बंगालभर गाजला होता. बंगालीबरोबर हिंदी चित्रपट काढून सर्व देशाची बाजारपेठ मिळवावी, असा सरकारांचा विचार होता. त्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतील कलावंत टॉलीगंजला जमू लागले होते.

बंगालला मराठी माणसाची ओळख एरवी कशी होती, याचे येथे स्मरण ठेवणे इष्ट होईल. अठराव्या शतकातील भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे 'बर्गी' हा शब्द बंगाली आयांच्या अंगाईगीतात जाऊन बसला होता. पुढे सखाराम गणेश देउस्कर यांनी १९०४ मध्ये 'देशेर कथा' हा ग्रंथ बंगालीत लिहून मराठी नावाला या प्रांतात आदराचे स्थान मिळवून दिले. त्यानंतर तीन दशके उलटण्याच्या आतच एक मराठी स्त्री या नगरीत मीरा आणि सीता होऊन उभी राहिली. पराक्रमाने जे साधत नाही ते लेखणीने आणि कलेने साधते, असे आम्हांस हा क्रम पाहून वाटते.

१९३३ मध्ये देवकी बोस यांचा 'राजरानी मीरा' आला. मीरेची भूमिका दुर्गाबाईंची होती आणि त्यांच्यासमवेत पृथ्वीराज कपूर होते. राइचंद बोराल हे न्यू थिएटर्सचे संगीतकार. तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती. ती या संस्थेनेच १९३५ मध्ये 'भाग्यचक्र' या बोलपटापासून रूढ केली. तोपर्यंत कॅमेऱ्यासमोर उभे राहून गावे, त्याच क्षणी अभिनयही सांभाळावा आणि चूक झाली तर सर्व पुन्हा करावे, अशीच पद्धत होती. 'प्रभात'मध्ये मराठी रंगभूमीचे वळण होते. बोस यांच्याकडे वैष्णव भक्तीतून आलेला मवाळपणा होता, आवाज चढविण्यापेक्षा उतरविण्याकडे कल होता. दुर्गाबाईंच्या पुढील भूमिकांत जो संयम दिसतो, त्याची काही मुळे या मातीत आहेत, असे आमचे मत आहे.

पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, बोस यांनी 'सीता' हा बोलपट काढला, पण न्यू थिएटर्ससाठी नव्हे. तो कलकत्त्याच्याच 'ईस्ट इंडिया फिल्म कंपनी'चा होता. राम झाले पृथ्वीराज कपूर आणि सीता झाल्या दुर्गाबाई. हा चित्रपट इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला आणि तेथे त्याचा गौरव झाला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेलेला हा पहिला भारतीय बोलपट मानला जातो. 'संत तुकाराम' व्हेनिसला गौरविला गेला, याचा आपण मराठी माणसे सार्थ अभिमान बाळगतो. तो प्रसंग १९३७ चा. त्याच्या तीन वर्षे आधी एक मराठी अभिनेत्री कलकत्त्याच्या वाटेने त्या पडद्यावर जाऊन पोहोचली होती, हेही आपल्याला ठाऊक असावयास हवे.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. त्या पार्श्वभूमीवर देवकी बोस यांनी न्यू थिएटर्ससाठी १९३५ मध्ये 'इन्किलाब' काढला. त्यातही दुर्गाबाई आणि पृथ्वीराज होते. पृथ्वीराजांचा लहानगा मुलगा राज याच चित्रपटात प्रथम पडद्यावर दिसला. त्याच वर्षी बोस यांच्या 'जीवन नाटक'मध्येही दुर्गाबाईंनी काम केले. तीन वर्षांत एकाच बंगाली दिग्दर्शकाचे चार चित्रपट! परप्रांतातून आलेली पाहुणी म्हणून हे घडत नाही. दिग्दर्शकाला तिच्यावाचून पर्याय दिसत नाही, तेव्हाच ते घडते.

१९३६ मध्ये दुर्गाबाई 'प्रभात'च्या 'अमरज्योती'मध्ये दिसल्या. 'प्रभात' तोवर कोल्हापूर सोडून पुण्यास आली होती. अन्यायाने पोटच्या मुलाला मुकलेली आणि सूडासाठी समुद्रावर चाचेगिरी करणारी सौदामिनी ही त्यांची भूमिका आजही अंगावर काटा आणते. तारामतीची साध्वी आणि सौदामिनीची बंडखोर यांच्या मध्ये कलकत्त्याची तीन वर्षे उभी आहेत, हे ध्यानात घेऊन हे दोन चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत. फरक आपोआप कळून येईल. पुढे चित्रपट निर्मितीतही त्यांनी पाऊल टाकले. तो मान त्या काळी फारच थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आला.

कलकत्ताही त्यांना विसरली नाही. बंगालच्या चित्रपट पत्रकारांची संघटना १९३७ पासून कार्य करीत होती. तिने लागोपाठ दोन वर्षे उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून दुर्गाबाईंचा सन्मान केला. १९४२ मध्ये तो आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'च्या हिंदी रूपातील, म्हणजे 'चरणों की दासी'मधील, खाष्ट सासूसाठी होता. १९४३ मध्ये तो विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मधील कैकेयीसाठी होता. जिने येथे सीता रंगविली, तिचीच कैकेयी येथील जाणकारांनी गौरविली. नायिकेच्या सौंदर्यापेक्षा भूमिकेतील सत्त्व पाहणारी ही पारख होती. वयाची चाळिशीही न गाठलेली अभिनेत्री सासू आणि सावत्र आई होण्यास तयार होते, यात तिचेही मोठेपण आहे.

त्यानंतरचा प्रवास सर्वपरिचित आहे. सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मधील मृणालवती, मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावरील 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई आणि १९५४ मधील शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधील राणी या भूमिका रसिकांनी डोक्यावर घेतल्या. १९६० मध्ये 'मुगल-ए-आझम' आला. अकबर होते पृथ्वीराज कपूर आणि जोधाबाई होत्या दुर्गाबाई. कलकत्त्याचे राम आणि सीता सव्वीस वर्षांनी पुन्हा सिंहासनावर शेजारी बसले होते. या वेळी तो पती न्यायाच्या हट्टाने पुत्राला दूर लोटणारा पिता झाला होता आणि ती पत्नी त्या दोघांच्या मध्ये होरपळणारी आई. जुन्या बंगाली प्रेक्षकांना तो योग जाणवला असेल, यात शंका नाही. १९६३ मधील 'द हाउसहोल्डर' या इंग्रजी चित्रपटात त्या नायक शशी कपूरच्या आई झाल्या. त्या चित्रपटाचे छायाचित्रण सुब्रत मित्र यांचे आणि त्याच्या संकलनास सत्यजित राय यांचा हात लागलेला. बंगालचा संबंध असा पुनःपुन्हा जुळून येत राहिला.

खाजगी आयुष्यात दुःखे कमी नव्हती. धाकटा मुलगा हरिन अकाली गेला. तरीही काम थांबले नाही. लघुपट आणि जाहिरातपटांची निर्मिती चालू राहिली. १९७४ च्या 'बिदाई'साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये त्यांच्या संस्थेच्या 'वागळे की दुनिया'ने दूरदर्शनवर घराघरांत हसू नेले. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे सन्मान त्यांना लाभले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

फाळके पुरस्काराची यादी चाळताना एक गोष्ट नजरेत भरते. बीरेंद्रनाथ सरकार १९७०, पृथ्वीराज कपूर १९७१, राइचंद बोराल १९७८, दुर्गा खोटे १९८३ आणि व्ही. शांताराम १९८५. टॉलीगंजच्या एका अंगणात वावरलेले चौघे आणि त्यांपैकी एकीला घडविणारा कोल्हापूरचा कलावंत, असे हे पाच जण एकाच मालिकेत गोवले गेले आहेत.

आपल्या मुलांनी मराठी बोलावे, गणेशोत्सवात उभे राहावे, ही आपली इच्छा रास्तच आहे. पण बंगालमध्ये राहून केवळ स्वतःचे जपत बसणे म्हणजे मराठीपण नव्हे, हे दुर्गाबाईंच्या चरित्रावरून कळते. त्या येथे आल्या त्या गरजेपोटी, आपल्यापैकी बहुतेकांसारख्याच. येथील माणसांबरोबर राबल्या, त्यांच्याकडून शिकल्या, त्यांना आपल्यातील उत्तम ते दिले, आणि आत्मचरित्र लिहावयास बसल्या तेव्हा मायबोलीतच बसल्या. घेणे, देणे आणि आपले न विसरणे, या तिन्ही गोष्टी एका आयुष्यात साधता येतात. पन्नाशी गाठलेल्या मंडळाने पुढील वाटचालीस निघताना एवढे ध्यानी धरले तरी पुरे.