चूक मान्य करणारा डॉक्टर

मागच्या दिवाळीत माझी भाची सुट्टीला आली होती. अकरा वर्षांची. आरशासमोर बसवून तिच्या वेण्या घालत होते. तिनं मान वर करून आवंढा गिळला आणि गळ्याशी सुपारीएवढी गाठ वरखाली झालेली मला आरशात दिसली. कंगवा हातातच राहिला. सासूबाई म्हणाल्या, सर्दीची असेल, लेप लाव. पण मन काही मानेना.

गाठ थायरॉइडची निघाली. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल होता, तरी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, मग सुईनं पाणी काढून तपासलं. मुलांमध्ये अशा गाठी मोठ्या माणसांपेक्षा कमी सापडतात, पण सापडल्या तर कॅन्सरची शक्यता जास्त असते, म्हणून थांबायचं नाही, असं त्यांनी समजावलं. सुईच्या तपासणीत नक्की काही कळेना, तेव्हा ऑपरेशन ठरलं. अर्धीच ग्रंथी काढू, अर्धी ठेवू, असं ते म्हणाले. मी विचारलं, सगळीच का नको काढून टाकायला, कटकट मिटेल! तेव्हा त्यांनी थिओडोर कोखर या स्विस सर्जनचं नाव घेतलं. घरी येऊन मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं.

कोखरचा जन्म 1841 चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातला. आल्प्सच्या त्या डोंगराळ भागात मातीत आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड घरोघरी. वयाच्या एकतिसाव्या वर्षीच तो बर्नला सर्जरीचा प्रोफेसर झाला. तेव्हा गळ्याचं ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ. रक्तस्रावानं नाहीतर जंतूंनी माणसं दगावायची. कोखर कमालीचा शांत, घाई कधी नाही. एकेक रक्तवाहिनी बांधत, स्वच्छता पाळत तो पुढे सरकायचा. पुढे त्याच्या हातून मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. त्याच्या नावाचा चिमटा आजही ऑपरेशन थिएटरमध्ये असतो.

पण मला सारखी आठवते ती त्याची एक छोटी पेशंट. 1874 च्या जानेवारीत त्यानं एका मुलीची थायरॉइड पूर्ण काढली. तीही अकरा वर्षांचीच! जखम छान भरली, पोर घरी गेली. काही महिन्यांनी तिच्या गावच्या डॉक्टरांनी कोखरला सांगितलं की मुलगी बदललीय, मंद झालीय. ते तसंच मागे पडलं. इथे मला त्याचा खरंच राग येतो. घरच्यांना काय काय दिसलं असेल, आणि कुणाला सांगणार?

1882 मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्दिन नावाच्या सर्जननं त्याला असेच अनुभव सांगितले. मग मात्र कोखर हादरला. त्यानं जुन्या पेशंटना परत बोलावून घेतलं. संपूर्ण ग्रंथी काढलेले अठरा जण आले, त्यातल्या सोळा जणांची तब्येत खालावली होती. अंग सुजलेलं, केस गळालेले, बोलणं संथ. ती मुलगीही आली. तिची धाकटी बहीण पूर्वी इतकी तिच्यासारखी दिसायची की लोक गल्लत करायचे. धाकटी आता छान तरुण झाली होती. ही मात्र तेवढीच बुटकी राहिलेली, चेहरा सुजट, बुद्धी खुंटलेली.

कोखरनं हे लपवलं नाही. 1883 मध्ये बर्लिनला सर्जन मंडळींच्या परिषदेत स्वतःच सगळं मांडलं. कारण मात्र त्यानं तेव्हा चुकीचं लावलं. श्वासनलिका आक्रसल्यानं असं होतं, असं त्याला वाटलं. पण साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढायची नाही, हे त्यानं कायमचं ठरवलं. ही छोटीशी ग्रंथी मुलांची वाढ आणि बुद्धी सांभाळते, हे जगाला कळायला त्याच्या कबुलीचा मोठा हातभार लागला. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये मरे या डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशी एक बाई सुधारून दाखवली. त्या मुलीला ऑपरेशननंतर लगेच हे मिळालं असतं तर, असं राहून राहून वाटतं. आज सगळी ग्रंथी काढावी लागली तरी रोज उपाशीपोटी गोळी घेऊन मूल नीट वाढतं.

1909 मध्ये कोखरला थायरॉइडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला सर्जन. हजारो गळे त्याच्या हाताखालून गेले. 1913 मध्ये लेनिनची बायको क्रुपस्कायासुद्धा त्याच्याकडेच ऑपरेशनला आली होती. 1917 मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी तो गेला, तोवर काम करतच होता.

आमच्या भाचीची गाठ साधी निघाली. गळ्यावरचा व्रण आता पुसट झालाय. उंची मात्र मी दर सुट्टीत दारामागच्या भिंतीवर पेन्सिलनं मोजून ठेवते. या मे महिन्यात दोन बोटं वाढली होती.