ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म 1853 साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड या गावी झाला. त्यांचे आयुष्य शिक्षकाच्या पेशात गेले. धुळे व पुणे येथेही त्यांनी अध्यापन केले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. परंतु शाळेचे काम सांभाळून त्यांनी प्राचीन ज्योतिषग्रंथांचे कसून अध्ययन केले.

त्या काळी फ्लीट नावाचे इंग्रज अधिकारी गुप्त राजांच्या शिलालेखांचे संशोधन करीत होते. लेखांत गुप्त संवताची वर्षे कोरलेली होती. पण तो संवत केव्हा सुरू झाला, याविषयी विद्वानांत तीव्र मतभेद होता. एरण येथील बुधगुप्ताच्या काळच्या स्तंभलेखात मात्र वर्ष 165, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा स्पष्ट उल्लेख होता. संवताचा आरंभ चुकीचा धरला, तर तिथी आणि वार यांचा मेळ सहसा बसत नाही. हीच खरी कसोटी होती.

फ्लीटसाहेबांनी दीक्षितांचे साहाय्य घेतले. गणित कोणाच्याही मताची भीड धरीत नाही. दीक्षितांनी बारकाईने गणित केले. तो दिवस इ. स. 484 च्या जून महिन्याची 21 तारीख निघाला आणि वारही गुरुवारच आला! इ. स. 319-20 च्या सुमारास गुप्त संवत सुरू झाला, या मतास त्यामुळे बळकट आधार मिळाला. 1888 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फ्लीटसाहेबांनी या साहाय्याचा कृतज्ञतेने उल्लेख केला.

पुढे 1896 साली दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1898 साली ते निवर्तले. मोठमोठ्या विद्वानांच्या वादात ज्याच्या गणितावर निःशंकपणे विसंबावे, असा हा एक शिक्षक होता.