गावातल्या भोचक आजीबाईंना डिटेक्टिव्ह बनवणारी अगाथा ख्रिस्ती स्वतःच ११ दिवस गायब झाली होती!

प्रत्येक गावात, प्रत्येक चाळीत एक आजी असतेच. खिडकीपाशी बसून ती वाती वळत असते, नाहीतर तांदूळ निवडत असते. कुणाकडे कोण आलं, किती वाजता गेलं, जाताना हातात पिशवी होती की नव्हती, हे सगळं तिला माहीत असतं. आपण तिला भोचक म्हणतो आणि पुढे जातो.

पण समजा, त्याच गावात एखादा खून झाला तर? पोलिसांपेक्षा जास्त माहिती कुणाकडे असेल?

हा प्रश्न एका इंग्रज बाईला पडला आणि त्यातून जगातली सगळ्यात लाडकी हौशी गुप्तहेर तयार झाली. त्या आजीबाईंचं नाव मिस मार्पल आणि त्यांना जन्माला घालणारी लेखिका म्हणजे अगाथा ख्रिस्ती.

आज अशा गोष्टींना 'कोझी मिस्टरी' म्हणतात. एक छोटंसं गाव, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, रक्ताचे सडे नाहीत, मारामाऱ्या नाहीत. चहाचे कप, बागेतली फुलं आणि मधेच एक मृतदेह. तपास करणारा माणूसही पोलीस नसतो, गावातलाच कुणीतरी असतो.

वाचायला हे सगळं मजेशीर वाटतं. पण मिस मार्पलचा जन्म झाला तो अगाथाच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट वर्षानंतर. ही गोष्ट त्या वर्षाची, आणि त्याच्या आधीची आणि नंतरचीही.

घरीच शिकलेली मुलगी

अगाथाचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातलं टॉर्की हे समुद्रकाठचं गाव. वडील फ्रेडरिक मिलर अमेरिकन, आई क्लारा. तीन भावंडांत ही शेंडेफळ. बहीण मॅज आणि भाऊ माँटी तिच्यापेक्षा बरेच मोठे.

मुलांनी आठ वर्षांचं होईपर्यंत वाचायला शिकू नये, असं आईचं मत होतं. पण अगाथा पाचव्या वर्षीच आपली आपण वाचायला शिकली. तिचं बरंचसं शिक्षण घरीच झालं. ती ११ वर्षांची असताना वडील वारले. घरातला पैसा आधीच आटत चालला होता, त्यात हा धक्का. मायलेकी एकमेकींच्या आधाराने राहिल्या.

पुढे तिला पॅरिसला संगीत शिकायला पाठवलं. गळा चांगला होता, पियानोही छान वाजवायची. पण स्वभाव कमालीचा लाजाळू. लोकांसमोर उभं राहिलं की हातपाय गार पडायचे. मंचावर करिअर होणार नाही हे तिचं तिलाच कळलं.

विषाच्या बाटल्यांमधून आलेली पहिली कादंबरी

१९१४ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तिने आर्ची ख्रिस्तीशी लग्न केलं. आर्ची लष्करी वैमानिक. त्याचे वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते, त्यामुळे त्याचा जन्म आपल्याकडच्या, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पेशावरचा.

पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. नवरा आघाडीवर गेला आणि अगाथा टॉर्कीच्या रेडक्रॉस रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करायला लागली. नंतर तिची बदली औषध बनवण्याच्या विभागात झाली. १९१७ मध्ये तिने औषधनिर्मितीची रीतसर परीक्षाही दिली. कोणतं औषध किती दिलं की गुण येतो आणि किती दिलं की माणूस मरतो, हे तिला तोंडपाठ झालं.

तिला शिकवणारा एक औषधविक्रेता तर खिशात क्युरारे या जहाल विषाचा तुकडा घेऊन फिरायचा. ते जवळ असलं की आपल्यात ताकद आहे असं त्याला वाटायचं. वरून अगदी साधा वाटणारा हा माणूस अगाथा आयुष्यभर विसरली नाही.

त्याआधी कधीतरी बहीण मॅजने तिला डिवचलं होतं की रहस्यकथा लिहिणं तुझ्याच्याने होणार नाही. अगाथाने ते मनावर घेतलं होतं. दवाखान्यात काम कमी असलं की ती विचार करत बसायची. आजूबाजूला विषाच्या बाटल्या, त्यामुळे खून विषानेच होणार हे ठरलं. टॉर्कीत तेव्हा बेल्जियमचे निर्वासित येऊन राहिले होते. त्यांच्यावरून तिला निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी सुचला, तोच हर्क्युल पॉयरो.

'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' ही कादंबरी बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवली. शेवटी १९२० मध्ये ती छापून आली. त्यातून अगाथाच्या हातात पडले फक्त २५ पौंड. पण औषधनिर्मात्यांच्या एका व्यावसायिक नियतकालिकाने विषाची माहिती अगदी अचूक असल्याची पावती दिली. तिला त्याचा फार अभिमान वाटायचा.

१९२६ : सगळं एकदम कोसळलं

१९२६ हे वर्ष सुरू झालं तेव्हा सगळं छान चाललं होतं. मुलगी रोझालिंड सहा वर्षांची होती. सनिंगडेलला मोठं घर होतं, त्या घराला पहिल्या कादंबरीवरून 'स्टाइल्स' असं नाव दिलं होतं. त्याच वर्षी 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' आली आणि तिच्या शेवटामुळे वाचकांमध्ये खळबळ उडाली. (तो शेवट इथे सांगणार नाही, काळजी करू नका.)

पण एप्रिलमध्ये आई गेली. आईचं घर आवरायला अगाथा एकटीच टॉर्कीला राहिली. रात्रंदिवस जुन्या वस्तूंचे ढीग उपसताना ती पार खचून गेली. ऑगस्टमध्ये आर्ची आला तो एक बातमी घेऊनच. त्याचं नॅन्सी नील नावाच्या तरुणीवर प्रेम बसलं होतं आणि त्याला घटस्फोट हवा होता.

३ डिसेंबर १९२६. रात्री अगाथाने झोपलेल्या मुलीचा निरोप घेतला आणि गाडी घेऊन ती घराबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मॉरिस गाडी सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरजवळ एका खडूच्या खाणीच्या वर सापडली. गाडीत तिचा फरचा कोट होता, ती मात्र नव्हती.

मग सुरू झाला इंग्लंडमधला सगळ्यात गाजलेला शोध. हजाराहून जास्त पोलीस, हजारो स्वयंसेवक, कुत्री, विमानं, सगळं कामाला लागलं. जवळची तळी धुंडाळली गेली. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर तिचा हातमोजा मिळवून तो मृतात्म्यांशी बोलणाऱ्या एका माध्यमाकडे दिला. संशयाची सुई अर्थातच नवऱ्याकडे वळली.

११ दिवसांनी, १४ डिसेंबरला ती सापडली. उत्तरेकडच्या हॅरोगेट गावातल्या एका हॉटेलात ती राहत होती. हॉटेलच्या बँडमधल्या वादकांनी तिला ओळखलं. नोंदवहीत तिने नाव लिहिलं होतं मिसेस टेरेसा नील, राहणार केप टाऊन. म्हणजे आडनाव नवऱ्याच्या प्रेयसीचं!

डॉक्टरांनी स्मृती गेल्याचं निदान केलं. वर्तमानपत्रं मात्र चवताळली. कुणी म्हणालं प्रसिद्धीसाठी नाटक केलं, कुणी म्हणालं नवऱ्याला अडकवण्यासाठी. अगाथाने पुढे जाडजूड आत्मचरित्र लिहिलं, पण त्यात या ११ दिवसांबद्दल एक शब्दही नाही.

बरोबर एका वर्षाने आल्या मिस मार्पल

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. मुलगी आईकडेच राहिली. आता पैशासाठी लिहिणं भाग होतं. मन लागत नसताना, शब्द सुचत नसताना तिने 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' पूर्ण केली. हे पुस्तक तिला शेवटपर्यंत आवडलं नाही. पण हौशी लेखिकेची व्यावसायिक लेखिका आपण याच काळात झालो, असं ती मानायची.

आणि डिसेंबर १९२७ मध्ये, म्हणजे ती गायब झाली त्याला बरोबर एक वर्ष होत असताना, एका मासिकात तिची 'द ट्यूजडे नाइट क्लब' ही कथा आली. एका घरात काही मंडळी जमून न सुटलेली प्रकरणं एकमेकांना सांगतात. त्यात स्कॉटलंड यार्डचा माजी प्रमुख असतो, वकील असतो, लेखक असतो. कोपऱ्यात एक म्हातारी विणकाम करत बसलेली असते. तिच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. उत्तर मात्र तीच देते.

या आजीबाई सुचल्या कुठून? त्यांचा एक धागा अगाथाच्या आजीकडे, म्हणजे वडिलांच्या सावत्र आईकडे जातो. ही आजी प्रेमळ होती, पण कुणाहीबद्दल सगळ्यात वाईट तेच गृहीत धरायची. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं! दुसरा धागा रॉजर ॲक्रॉइडच्या गोष्टीतल्या कॅरोलाइनचा. डॉक्टरांची ही अविवाहित बहीण घराबाहेर न पडता गावातली बित्तंबातमी काढायची. त्या कादंबरीवर नाटक झालं तेव्हा तिच्या जागी एक तरुण, सुंदर मुलगी घातली गेली. अगाथाला ते फार लागलं. प्रौढ, एकट्या बाईलाही गोष्टीत जागा असायला हवी, हे तिच्या मनात पक्कं झालं.

१९३० च्या 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' या कादंबरीत मिस मार्पल पूर्ण रूपात आल्या. गाव सेंट मेरी मीड. पाद्रीबुवांच्या घरातल्या अभ्यासिकेत गावातला सगळ्यांना नकोसा झालेला कर्नल मरून पडतो. प्रत्येकालाच तो मेलेला हवा असतो, त्यामुळे संशय सगळ्यांवर.

या आजीबाई गुन्हा सोडवतात तरी कसा?

त्यांच्याकडे भिंग नाही, प्रयोगशाळा नाही. त्यांची पद्धत एकच. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच असतो. समोरच्या बड्या उद्योगपतीला पाहून त्यांना गावातला हिशोबात घोळ करणारा पोऱ्या आठवतो, नाहीतर खोटं बोलणारी मोलकरीण. त्या साम्यावरून त्या खुन्यापर्यंत पोहोचतात. त्यातून बाई म्हातारी, त्यामुळे तिच्यासमोर बोलताना कुणी सावध नसतं.

वरून गोड दिसणाऱ्या या गोष्टींमध्ये एक बोचरा प्रश्न असतो. आपण शेजाऱ्याला खरंच ओळखतो का? १९५० च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये गावच्या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात येते की अमुक घरी, अमुक वेळी खून होणार आहे. गावकऱ्यांना वाटतं खेळ असेल, सगळे नटूनथटून हजर होतात. मग दिवे जातात आणि गोळ्या झाडल्या जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगाव नवे लोक येऊन राहिले होते. कोण कुठला, हे फक्त तो स्वतः सांगेल तेवढंच कळायचं. कादंबरीतली भीती तिथून येते.

नवऱ्याला इतकी वर्षं ओळखत असूनही ज्या बाईला फसवणूक कळली नव्हती, तिच्यासाठी हा प्रश्न केवळ कथानकापुरता नसणार.

दुसरा डाव

१९२८ मध्ये अगाथा एकटीच ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये बसली आणि बगदादला गेली. तिथून उर या प्राचीन शहराचं उत्खनन पाहायला. १९३० मध्ये ती पुन्हा उरला गेली तेव्हा मॅक्स मॅलोवन हा तरुण पुरातत्त्वज्ञ भेटला. तो तिच्यापेक्षा १४ वर्षांनी लहान. तिने बरेच आढेवेढे घेतले, पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघांनी लग्न केलं.

हा संसार शेवटपर्यंत टिकला. अगाथा दरवर्षी इराक आणि सीरियातल्या उत्खननांवर नवऱ्यासोबत जायची. निमरुदला सापडलेले हजारो वर्षांपूर्वीचे हस्तिदंती तुकडे तिने विणकामाची सुई आणि चेहऱ्याला लावायचं क्रीम वापरून साफ केले. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस', 'डेथ ऑन द नाइल' ही पुस्तकं याच काळातली.

तिच्या नावावर ६६ रहस्यकादंबऱ्या आहेत. त्यांपैकी १२ मिस मार्पलच्या. १९५२ मध्ये लंडनला सुरू झालेलं तिचं 'द माऊसट्रॅप' हे नाटक कोरोनाच्या काळात १४ महिने थांबलं, तेवढा खंड सोडला तर आजही सुरू आहे. १९७१ मध्ये तिला 'डेम' हा किताब मिळाला. १२ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी ती गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवलेली मिस मार्पलची 'स्लीपिंग मर्डर' त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

पुस्तकामुळे वाचलेला जीव

ती गेल्यानंतरचा एक किस्सा. १९७७ मध्ये कतारहून एका लहान बाळाला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणलं होतं. आजार काय, कुणालाच कळेना. तिथली एक नर्स तेव्हा अगाथाची 'द पेल हॉर्स' वाचत होती. बाळाचे केस गळताना पाहून तिला पुस्तकातलं थॅलियम हे विष आठवलं. तपासणीत तेच निघालं आणि बाळ वाचलं. टॉर्कीतला तो खिशात विष घेऊन फिरणारा औषधवाला आठवतोय ना? याच कादंबरीसाठी अगाथाला तो उपयोगी पडला होता.

आपल्याकडेही ही बाई पोहोचलीय. बी. आर. चोप्रांचा १९७३ चा 'धुंद' तिच्या 'द अनएक्स्पेक्टेड गेस्ट' या नाटकावर बेतलेला आहे. ऋतुपर्णो घोष यांच्या २००३ च्या 'शुभ महूरत' या बंगाली सिनेमात तर मिस मार्पल थेट कोलकात्याच्या पिशीमा, म्हणजे आत्या होऊन येतात. ती भूमिका राखीने केलीय.

तुम्ही अजून मिस मार्पल वाचली नसेल तर 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' या कथासंग्रहापासून सुरुवात करा. कथा छोट्या आहेत, एका बैठकीत एक संपते. आणि खुनी कोण ते कळलं तर कमेंटमध्ये लिहू नका, बाकीच्यांनाही वाचायचंय!